शेततळे की ठिबक: आधी कोणत्या अनुदानासाठी अर्ज करावा?

एकाच हंगामात दोन्ही कामांचा खर्च न पेलणाऱ्या शेतकऱ्याला महाडीबीटी या राज्य शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करताना हा प्रश्न पडतोच.

महाराष्ट्रात केंद्र आणि राज्य यांचा वाटा मिळून ठिबकसाठी अल्प व अत्यल्प भूधारकांना (दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना) ८० टक्के, तर इतरांना ७५ टक्के अनुदान आहे. मात्र ही टक्केवारी शासनाने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर मोजली जाते, दुकानदाराच्या बिलावर नव्हे. वैयक्तिक शेततळ्याला आकारमानानुसार कमाल ७५ हजार रुपये मिळतात. त्यात अस्तरीकरणाचा (तळ्याच्या तळाला व बाजूंना कागद अंथरण्याचा) खर्च धरलेला नसतो आणि मुरमाड जमिनीत प्लास्टिकच्या कागदाशिवाय पाणी टिकत नाही, ही गोष्ट अर्ज करताना फारशी कोणी सांगत नाही. शिवाय तळ्याखालची जमीन कायमची पिकाबाहेर जाते, जी लहान शेतकऱ्याला अनुदानापेक्षा महाग पडू शकते.

टिकाऊपणात खोदलेले तळे सरस आहे, कारण गाळ काढला की ते पुन्हा कामाला येते. ठिबकच्या नळ्या उंदीर आणि खारी कुरतडतात, क्षारांमुळे थेंब सोडणाऱ्या तोट्या (ड्रिपर) बुजतात, त्यामुळे गाळणी धुणे आणि वेळोवेळी आम्लप्रक्रिया (नळ्यांतून सौम्य आम्ल सोडून क्षार काढणे) करणे टाळता येत नाही.

विहिरीला निदान हिवाळाभर पाणी असेल आणि ऊस, कापूस किंवा फळबाग असेल, तर आधी ठिबकच घ्यावे. ज्याच्याकडे पाण्याचा स्रोतच नाही आणि पावसाच्या खंडात खरीप वाचवायचे आहे, त्याने मात्र शेततळ्यासाठी अर्ज करावा.