कॅलिफोर्नियात घरगुती मारहाण: तडजोड कलम २४३(ई)(१) वर की ४१५ वर?

पत्नीने तक्रार मागे घेतली की प्रकरण मिटले, हा समज इथे चालत नाही. खटला चालवायचा की नाही हे सरकारी वकील ठरवतो. अंगावर इजा दिसत असेल तर सहसा दंडसंहितेचे कलम २७३.५ लागते, आणि वाटाघाटी तिथून खाली येण्यासाठी, म्हणजे सौम्य कलमाखाली कबुली देऊन प्रकरण मिटवण्यासाठी, होतात.

२४३(ई)(१), म्हणजे जोडीदाराला मारहाण. यात इजा सिद्ध करावी लागत नाही, म्हणून सरकारी वकील याला लवकर तयार होतो. कमाल एक वर्ष कैद, २,००० डॉलर दंड. शिवाय राज्याची १० वर्षांची बंदूकबंदी.

४१५, शांतताभंग, बराच सौम्य: ९० दिवस, ४०० डॉलर. साक्षीदार डळमळीत असेल तरच हा सौदा पदरात पडतो. पण गोची इथेच आहे. ५२ आठवड्यांचा समुपदेशन वर्ग आणि किमान ३६ महिन्यांचे प्रोबेशन (कोर्टाच्या अटी पाळण्याच्या बोलीवर मिळणारी मोकळीक) ही कलम १२०३.०९७ ची अट गुन्ह्याच्या नावावर नाही, पीडित व्यक्तीशी असलेल्या नात्यावर ठरते. त्यामुळे ४१५ सोबत प्रोबेशन आले तर वर्गही येतोच. सही करण्यापूर्वी शिक्षेत प्रोबेशन आहे का, हे विचारून घ्यावे.

एच-१बी किंवा ग्रीन कार्डवाल्यांसाठी आणखी एक सापळा: ‘आता कबुली, वर्षभराने खटला रद्द’. राज्याच्या नोंदीत तो रद्द दिसला, तरी केंद्राच्या इमिग्रेशन कायद्यात ती दोषसिद्धीच. ‘नो कॉन्टेस्ट’ (गुन्हा कबूल नाही, पण आरोपाला विरोधही नाही) म्हटल्यानेही सुटका नाही. अशांनी शक्यतो ४१५ साठीच अडून बसावे, तेही इमिग्रेशन वकिलाला सौद्याचा मसुदा दाखवूनच.