चार सत्रं, एक हजेरीचं यंत्र आणि दोन रकान्यांचा तक्ता

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात गाइड मॅडमनी विचारलं, "प्रस्तावात ॲक्टर-नेटवर्क थिअरी लिहिलीयस, पण वापरणार कशी?" मी गप्प. (माणसं आणि वस्तू मिळून बनलेल्या जाळ्यातून गोष्टी कशा घडतात, हे पाहायची ही समाजशास्त्रातली पद्धत.) म्हणून तिच्यावरची चार सत्रांची ऑनलाइन कार्यशाळा केली. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

पहिली दोन सत्रं पैसे वसूल. व्याख्यांचं दळण न दळता सरांनी थेट या पद्धतीच्या जनकांपैकी एक, मिशेल कॅलाँ यांचा 1986चा लेख उघडला. फ्रान्समधल्या एका उपसागरातले स्कॅलॉप शिंपले, मच्छीमार आणि तीन संशोधक. जपानमध्ये शिंपल्यांची पिल्लं पाण्यात सोडलेल्या जाळ्यांना चिकटून वाढतात, मग इथे चिकटतील का? आधी थोडी चिकटली, नंतर चिकटेनात. मच्छीमारांनी तर वाढवायला राखून ठेवलेले शिंपले एका नाताळच्या आदल्या दिवशी उपसून नेले. दगा माणसांनी दिला, तसा शिंपल्यांनीही, आणि दोन्ही एकाच भाषेत सांगायचं. हे 'सिमेट्री' प्रकरण मला पुस्तकांतून कधी कळलं नव्हतं.

मग गृहपाठ: एका वस्तूच्या मागे आठवडाभर फिरा. मी माझ्या फील्डवरच्या कार्यालयातलं बोटाच्या ठशाचं हजेरी यंत्र निवडलं. मुलाखतींत सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, "यंत्र आलं आणि शिस्त लागली." तिसऱ्या दिवशी यंत्राशेजारी बसले होते. साफसफाई करणाऱ्या बाईंचं बोट यंत्राने चार वेळा नाकारलं. फिनेल-साबणाने ठसे झिजलेले. त्यांनी बोट रुमालाला पुसलं, फुंकर मारली, पुन्हा ठेवलं. पाचव्यांदाही नाही. वॉचमनने एक शब्द न बोलता ड्रॉवरमधून वही काढली, त्यांनी सही केली. महिन्याअखेरीस क्लार्क ती वही बघून संगणकात हजेरी भरतो. म्हणजे 'यंत्राची हजेरी' यंत्र, वही, वॉचमन आणि क्लार्क मिळून लावतात. इतक्या मुलाखतींत वहीचं नावही निघालं नव्हतं!

तिसऱ्या सत्रात या थिअरीच्या टीकाकारांचं म्हणणं होतं, आणि तिथेच घाई झाली. समाजशास्त्रज्ञ सुसान ली स्टार यांनी 1991मध्ये कांद्याची ॲलर्जी असलेल्या ग्राहकाच्या बाजूने बर्गरच्या ठरीव साच्याकडे पाहिलं: जाळं (नेटवर्क) नीट चालतं, पण त्याची किंमत कोण मोजतं? माझ्या साफसफाईवाल्या बाईंचाच प्रश्न. मी हात वर केला, तर "वेळ संपत आलीय."

चौथ्या सत्राने मात्र डोकं फिरवलं. एक तयार तक्ता हातात: डावीकडे 'मानवी', उजवीकडे 'अमानवी', मध्ये बाण. भरा आणि प्रबंधात लावा. अहो, कोण काय करतं हे आधीच रकान्यांत वाटून टाकायचं नाही, हेच तर पहिल्या दिवशी शिकवलंत ना? ॲक्टर, नेटवर्क, थिअरी आणि मधली ती छोटी रेघ, चारही गोष्टी चुकीच्या आहेत असं या थिअरीचे दुसरे एक जनक ब्रूनो लातूर यांनीच 1999मध्ये म्हटलं होतं. सरांनी ते हसत हसत सांगितलंही होतं. आणि चौथ्या दिवशी तक्ता!

रेकॉर्डिंगची लिंक सात दिवसांत बंद झाली, प्रमाणपत्र मात्र तासाभरात आलं.

पाचपैकी तीन तारे. फील्डवर चार दिवस बसून, नोंदींची वही भरून आला असाल तर जरूर करा. नुसता सैद्धांतिक चौकटीचा धडा उरकायचा असेल तर तो तक्ता तुम्हाला फार आवडेल, म्हणून नकाच करू. माझा तक्ता कोराच आहे. वॉचमनच्या वहीचे फोटो काढायला परवानगीचा अर्ज दिलाय.