काउबॉय नेमबाजीसाठी टॉप-ब्रेक: स्कोफील्ड, रशियन की लॅरमी?

टॉप-ब्रेक म्हणजे कडी सोडली की नळी आणि सिलिंडर पुढे खाली झुकून उघडणारं रिव्हॉल्व्हर. ते घेणारे बहुतेक जण झटपट भरता येतं म्हणून घेतात. काउबॉय काळातल्या धाटणीच्या बंदुकांचे सामने भरवणाऱ्या अमेरिकेतल्या सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीच्या सामन्यांत मात्र दोन रिव्हॉल्व्हरमधून पाच-पाच गोळ्या झाडायच्या असतात. घड्याळ चालू असताना पुन्हा भरण्याची वेळ क्वचितच येते. सोय होते ती नंतर, पुंगळ्या काढायच्या टेबलापाशी. म्हणून आधी मूठ आणि घोडा बघा.

जुन्या स्मिथ अँड वेसन टॉप-ब्रेकच्या प्रतिकृती बनवणाऱ्या इटलीच्या उबेर्तीच्या स्कोफील्डचा घोडा अंगठ्याला जरा लांब पडतो. रशियनच्या मुठीला मागे कुबड आणि चापाच्या कड्याखाली काटा. एका हाताने सावकाश नेम धरायला छान, पण भराभर घोडा ओढताना पकड दर वेळी हलते. उबेर्तीनेच बेरेटासाठी बनवलेल्या लॅरमीला हे दोन्ही नाही. ती आता फक्त जुन्या बाजारात. स्कोफील्डची कडी फ्रेमवर असते, अंगठ्याने मागे ओढली की उघडते. बाकी दोघींची नळीवर, वर उचलावी लागते.

खरी मेख सिलिंडरमध्ये आहे. मूळ .45 स्कोफील्ड काडतुसाची पुंगळी 28 मिलिमीटरची, .45 कोल्टची 32.6. लांब काडतूस बसावं म्हणून उबेर्तीने सिलिंडर वाढवलं, आणि पुढच्या तोंडाशी आसाला धुरापासून वाचवणाऱ्या कॉलरला जागाच उरली नाही. बिनधुराच्या दारूला फरक पडत नाही. काळ्या दारूची काजळी मात्र थेट आसावर बसते आणि सिलिंडर जड फिरू लागतं. आसाला सढळ ग्रीस, गोळीला मऊ वंगण आणि दर फेरीनंतर सिलिंडरच्या तोंडावर ओला फडका, एवढं केलं तर दिवस निघतो. स्मिथ अँड वेसनने 2000 साली काढलेल्या स्कोफील्डमध्ये फक्त आखूड काडतूस चालतं.

दुसरी कटकट एक्स्ट्रॅक्टरची, म्हणजे उघडताना पुंगळ्या वर उचलणाऱ्या चांदणीची. बंदूक हळू उघडली की एखादी पुंगळी परत घसरते, तिची रिम (बुडाची कड) चांदणीखाली अडकते आणि बंदूक मिटत नाही. मग चांदणी बोटाने वर धरून पुंगळी काडीने उचकटावी लागते. उघडताना बंदूक आडवी करा आणि एका झटक्यात पूर्ण उघडा. आखूड पुंगळ्या सुटसुटीत बाहेर पडतात. कानपूरचं .32 निर्भीक रिव्हॉल्व्हर हाताळलेल्यांना ही चांदणी ओळखीची वाटेल.

भरताना पाचच काडतुसं. मिटल्यावर बाजूच्या फटीतून रिमा मोजा. घोड्याखाली रिकामंच घर हवं.

नवीन घेणाऱ्याने .38 स्पेशलमधली स्कोफील्ड घ्यावी. त्याच फ्रेममध्ये भोकं लहान म्हणजे लोखंड जास्त, त्यामुळे धक्का नगण्य. काळी दारूच उडवायची असेल, तर यातली एकही नको.