क्लायमेट फ्रेस्क: ४२ कार्डांचा संच मराठवाड्यातल्या कॉलेजात कसा चालतो

क्लायमेट फ्रेस्क हा फ्रान्समधून आलेला ४२ कार्डांचा संच. सेड्रिक रिंगेनबाख यांनी तो २०१५ साली तयार केला. चित्रं, आलेख आणि मागचा मजकूर हे सगळं आयपीसीसीच्या, म्हणजे हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक मंडळाच्या, अहवालांवर बेतलेलं आहे. सहा-सात जणांनी मोठ्या कागदाभोवती बसायचं, कार्डं कारण आणि परिणाम अशी लावत न्यायची आणि बाणांनी जोडायची. यात हारजीत नाही. अकरावीपासून पुढच्या मुलांना हवामानबदलाची अख्खी साखळी एका बैठकीत दाखवणारं इतकं चांगलं साधन क्वचितच मिळतं. पण मराठवाड्यात तो जसाच्या तसा मांडला, तर ‘दुष्काळ’ आणि ‘हवामान निर्वासित’ या दोन कार्डांवर घोडं हमखास पेंड खातं. त्याबद्दल पुढे सविस्तर. हे परीक्षण इंग्रजी संचाचं आहे.

आधी जुळवाजुळव. परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा आहे. शाळा-कॉलेज, एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) अशा बिगर-व्यावसायिक कामासाठी संच वापरता येतो, पण कार्डांत फेरफार करून ती वाटता येत नाहीत. म्हणून कार्डांवर मराठी चिकटवण्यापेक्षा प्रत्येक गटाला शब्दार्थांचा वेगळा कागद द्यावा. छपाई जाड कागदावर, पाठपोट. झेरॉक्सच्या दुकानात इथेच पहिली चूक होते: पान उलटण्याची बाजू चुकली की एका कार्डामागे दुसऱ्याच कार्डाचा मजकूर येतो. पहिलं पान छापून, उजेडात धरून जुळवून बघा, मगच पुढचे संच काढायला सांगा. लॅमिनेशन करायचं असेल तर मॅट करा, चकचकीत कार्डावर ट्यूबलाइट पडली की आलेख दिसत नाहीत.

कागद साधारण दोन मीटर बाय एक मीटर लागतो. तयार रोल मिळाला नाही तर सहा फुल ड्रॉइंग शीट, तीन-तीनच्या दोन ओळीत आडव्या, मागून चिकटपट्टी लावून जोडल्या की काम होतं. बाकांवर मांडू नका. सतरंजी टाकून जमिनीवर बसवा, म्हणजे सगळ्यांना सगळीकडून दिसतं आणि कडेला बसून राहणारा कोणी उरत नाही. पंख्याने कार्डं उडतात, तेव्हा गटागणिक वाटीभर चिंचोके ठेवा, एकेका कार्डावर एकेक. हे चिंचोके पुढे आणखी एका कामाला येणार आहेत. बाण आधी पेन्सिलने. स्केचपेन आणि डिंक शेवटच्या अर्ध्या तासात, कारण चिकटवलेलं कार्ड चुकलंय हे कळलं तरी मुलं ते काढत नाहीत.

गट चार ते आठ जणांचा. सहा सर्वांत बरे. साठ मुलांचा वर्ग असेल तर दहा गट होतात आणि दोन गटांमागे एक तरी जाणकार माणूस लागतो. हा खर्च दिसत नाही, पण खरा तोच आहे. सूत्रसंचालकाने आधी स्वतः एकदा खेळात बसायचं आणि मग वेगळं प्रशिक्षण घ्यायचं, अशी पद्धत आहे. ती टाळून केवळ कार्डं वाटली तर तासाभरात मुलं चित्रांच्या रंगावरून जोड्या लावायला लागतात.

वेळ तीन तास, सलग. कॉलेजच्या तासिकांमध्ये तुकडे करून घेतला तर पहिला अर्धा तास मागचं आठवण्यात जातो. एनएसएसच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरात दुपारचं बौद्धिक सत्र असतं, ती जागा याला अगदी नेमकी आहे. सकाळी श्रमदान झालेलं असतं, भाषण ऐकायची कुणाची तयारी नसते आणि इथे हात चालतात.

कार्डं एकदम द्यायची नसतात. पाच टप्प्यांत देतात. पहिल्याच टप्प्यात माणसाचे उद्योग, खनिज इंधनं, कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन, वाढीव हरितगृह परिणाम, हवेचं तापमान, समुद्रावरचा बर्फ आणि समुद्रपातळी येते. जवळजवळ प्रत्येक गट समुद्रावरचा बर्फ आणि समुद्रपातळी यांच्यात बाण ओढतो. तो चूक आहे. तरंगता बर्फ वितळला तरी पातळी वाढत नाही. ती वाढते जमिनीवरचा बर्फ वितळल्याने आणि गरम झालेलं पाणी फुगल्याने. हे सांगू नका, दाखवा. दोन काचेचे ग्लास (स्टीलचा पेला चालणार नाही): एकात पाण्यावर तरंगता बर्फ, दुसऱ्यात पाण्याबाहेर डोकं काढलेल्या दगडावर ठेवलेला बर्फ. दोन्हीवर पाण्याच्या रेषेची खूण करायची आणि खेळ पुढे चालू ठेवायचा. बर्फ विरघळेपर्यंत दुसरा टप्पा संपत येतो आणि मुलं आपणहून तो बाण खोडतात. संचाची खरी ताकद या खोडण्यात आहे.

पुढे तीन कार्डं जड जातात. ‘एरोसोल’ला मुलं प्रदूषण म्हणून तापवणाऱ्या बाजूला टाकतात, पण बहुतेक सूक्ष्म कण सूर्यप्रकाश परतवून थंडावा आणतात. ‘कार्बन सिंक’ म्हणजे जंगल, माती आणि समुद्र मिळून आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी निम्म्याच्या आसपास शोषून घेतात, उरलेला हवेत साठतो. आणि ‘रेडिएटिव्ह फोर्सिंग’. याचा शब्दशः अनुवाद करत बसू नका. रोजमेळाची भाषा वापरा: पृथ्वीवर येणारी ऊर्जा जमा, परत जाणारी खर्च, आणि जी शिल्लक राहते ती कुठे जाते? तिच्यातली ९० टक्क्यांहून अधिक समुद्रात जाते, हे ऊर्जा-हिशेबाच्या कार्डाने लगेच कळतं. कॉमर्सची मुलं इथे सायन्सच्या मुलांना मागे टाकतात.

समुद्राच्या आम्लीकरणाची कार्डं समुद्र न पाहिलेल्या लेकरांना परकी वाटतात. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून फिनॉल्फ्थॅलिन आणा, चुन्याच्या पातळ निवळीत दोन थेंब टाका, पाणी गुलाबी होतं. त्यात स्ट्रॉने फुंकत राहिलं की श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो आणि रंग जातो; समुद्रातही तोच वायू विरघळत असतो. फुंकायचं, ओढायचं नाही, आणि डोळ्यांवर चष्मा हवा.

चक्रीवादळाच्या कार्डावर ‘ते कोकणात येतं, आपल्याकडे नाही’ असं मुलं म्हणतात. सप्टेंबर २०२१ ची आठवण द्या. बंगालच्या उपसागरातलं गुलाब वादळ आंध्र-ओडिशाकडून आत शिरलं, त्याचा उरलेला जोर मराठवाड्यावर कोसळला आणि मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, एवढं सांगितलं तर ‘जलचक्रातला बिघाड’ आणि ‘नद्यांचे पूर’ यांच्यातला बाण मुलं ठासून काढतात, कारण पाण्याखाली सडलेलं सोयाबीन त्यांनी पाहिलेलं असतं.

आता दुष्काळ. खेळाच्या साखळीत हे कार्ड जलचक्राच्या बिघाडानंतर येतं आणि पुढे पिकांची घट, गोड्या पाण्याची टंचाई, उपासमार. बीड-लातूरची मुलं ताबडतोब विचारतात, ‘पण दुष्काळ आधीपासूनच आहे की. बहात्तरचा काय हवामानबदलाने पडला?’ प्रश्न रास्त आहे आणि कार्डाच्या मागच्या मजकुरात त्याला उत्तर नाही. सूत्रसंचालकाने तो टाळला तर उरलेल्या दोन तासांवरचा मुलांचा विश्वास जातो.

यासाठी वेगळ्या रंगाच्या कोऱ्या चिठ्ठ्या तयार ठेवा आणि मुलांनाच लिहू द्या. पर्जन्यछाया: मोसमी पावसाची इथली सरासरी साधारण ६८० मिलिमीटर. काळा पाषाण: बेसॉल्टमध्ये पाणी साठतं ते फुटक्या-झिजलेल्या थरात आणि भेगांत, म्हणून दोनशे फुटांवर लागलेलं पाणी शेजारच्या बोअरला लागेलच असं नाही. ऊस: त्याला वर्षाला १५०० ते २५०० मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे आभाळातून पडतं त्याच्या दुपटीहून जास्त. या चिठ्ठ्या दुष्काळाच्या कार्डाभोवती लावल्या की चित्र प्रामाणिक होतं. हवामानबदल हा जुन्या दुखण्यावरचा नवा ताण आहे, तो एकटाच कारण नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीत दहा टाक्यांतून सुमारे ५ लाख लिटर. ती गाडी या जाळ्यात कुठे बसते, असं विचारा. गटागटांत भांडण होतं, आणि तेच व्हायला हवं.

‘हवामान निर्वासित’ कार्डाचंही तसंच. त्यावरून मुलांच्या डोळ्यांसमोर दूर देशीची बुडती बेटं येतात. इथे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांचे कोयते निघतात, मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात, आणि वर्गातल्या काहींचे आईवडील त्यात असतात. त्यांना निर्वासित म्हणायचं का? कर्ज, कोरडवाहू जमीन, पाऊस यांतलं कोण किती ढकलतं? हा विषय काढताना कुणाचंही घर उदाहरणाला घेऊ नका. बोलायचं असेल तो आपणहून बोलेल.

संचाची मोठी उणीव पहिल्याच कार्डात आहे. ‘माणसाचे उद्योग’ म्हणताना कुठल्या माणसाचे, हे तिथे झाकलं जातं. चिंचोके आता काढा. एक चिंचोका म्हणजे खनिज इंधनातून वर्षाला निघणारा एक टन कार्बन डायऑक्साइड. सरासरी भारतीयापुढे २, जगाच्या सरासरी माणसापुढे ५ च्या आत, अमेरिकी माणसापुढे १४. मग विचारा, भारतीय सरासरीतले हे २ ऊसतोड मजुराचे किती आणि संभाजीनगरातल्या बंगल्याचे किती. आकडा कुणीच देऊ शकणार नाही, पण मुलं ढीग हलवायला लागतात.

शेवटचा उपायांचा भाग सर्वांत कच्चा आहे. मोकळा सोडला तर ‘झाडे लावा’ आणि ‘प्लास्टिक टाळा’ यांवर संपतो. एकच स्थानिक प्रश्न द्या आणि पाऊण तास त्यावरच राहा. उदाहरणार्थ, परळीचं औष्णिक केंद्र कोळशावर चालतं आणि २०१५ साली पाण्याअभावी तिथले वीजनिर्मितीचे संच बंद ठेवावे लागले होते. सौर कृषीपंपाने कोळशाची वीज वाचते, पण वीज फुकट मिळाली की बोअरमधला उपसा वाढतो. मग गावाने काय नियम करावा? दुसरं म्हणजे पर्माफ्रॉस्ट (कायम गोठलेली जमीन) आणि मिथेन हायड्रेट (समुद्रतळाशी बर्फासारखा गोठून अडकलेला मिथेन) यांची कार्डं शेवटी येतात आणि मुलं घाबरून उठतात. हायड्रेटमधून या शतकात मोठी भर पडण्याची शक्यता आयपीसीसीने फार कमी मानली आहे, हे त्याच क्षणी सांगा.

आठवी-नववीच्या मुलांना हा संच देऊ नका, त्यांच्यासाठी सोपी वेगळी आवृत्ती आहे. आणि तीन तास सलग मिळत नसतील, जाणकार माणूस नसेल, तर छपाईवर पैसे घालू नका. मिळत असतील तर गटागणिक एक संच काढा. कार्डं रबर लावून न ठेवता टप्प्यानुसार पाच पाकिटांत ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी लावण्यातच वीस मिनिटं जातात. तयार झालेला कागद गुंडाळू नका, ग्रंथालयाच्या भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला लावा आणि खाली पेन्सिल दोरीने बांधून ठेवा.