गोठत्या थंडीत फ्लाय फिशिंग: धरणाखालची नदी की मोकळी नदी?

फ्लाय फिशिंगला, म्हणजे किड्यासारखा दिसणारा नकली गळ (फ्लाय) टाकून मासे धरायला मित्र जमले, तारीख ठरली, पारा शून्याखाली जाणार हेही कळलं. आता वाद उरतो पाण्याचा. धरणातून सोडलेल्या पाण्यावर वाहणारी नदी गाठायची, की डोंगरातून आपल्या मर्जीने उतरणारी? रॉड (गळकाठी) आणि रीलवर (दोरीची चकरी) लोक तासन्‌तास बोलतात, पण हिवाळ्यात दिवस सत्कारणी लागणार की वाया जाणार, हे बहुतेक वेळा नदीच्या निवडीवर ठरतं.

धरणाखालच्या नदीच्या बाजूने सगळ्यात भक्कम मुद्दा भौतिकशास्त्राचा आहे. पाणी 4 अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. त्यामुळे खोल जलाशय वरून गोठला तरी तळाशी साधारण 4 अंशांचं पाणी टिकून राहतं. धरण ते तळातून सोडत असेल, तर खालचे काही किलोमीटर नदी भर थंडीतही वाहती राहते. (पाणी वरच्या सांडव्यावरून येत असेल तर हा फायदा विसरा. आधी चौकशी करा.) एवढ्या थंड पाण्यात ट्राउट मासा सुस्त असतो, पण खातो. मिज नावाचे बारीक किडे हिवाळ्यातही निघतात आणि मुख्य खाणं तेच.

अडचणही तिथेच. मिजसाठी फ्लाय 20 ते 24 नंबरची लागते, आणि नंबर जितका मोठा तितका हूक लहान. बधिर बोटांनी 22 नंबरच्या हुकाच्या नेढ्यात टिपेट (दोरीच्या टोकाचा बारीक दोरा) ओवायला बसा: दोरा दिसतो, नेढं दिसतं, पण बोटांना दोन्ही जाणवत नाहीत. म्हणून टिपेटला फ्लायच्या दोन-तीन जोड्या घरीच बांधून फोमच्या तुकड्यावर गुंडाळून न्याव्यात. बाकी गर्दी असते, आणि पाणी अचानक वाढू शकतं. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडतात तेव्हा बऱ्याच ठिकाणी भोंगा वाजतो, पण निव्वळ त्याच्या भरवशावर राहू नका. पाण्याच्या कडेचा एक दगड हेरून ठेवा. तो बुडायला लागला की सगळ्यांनी काठावर यायचं, चर्चा नंतर.

मोकळ्या नदीचं तसं नाही. निरभ्र, कडक रात्रीनंतर तिचं पाणी शून्याला टेकतं. सकाळी प्रवाहात बर्फाचा चुरा वाहत असतो, तळाच्या गोट्यांनाही बर्फ चिकटलेला असतो. उन्हं वर आली की तो सुटून तरंगत येतो आणि तोवर फ्लाय नीट वाहतच नाही. मासे खोल, संथ डोहात दाटीने बसलेले असतात. निम्फ (पाण्याखाली बुडणारी फ्लाय) त्यांच्या नाकासमोरून, तळाला जवळजवळ घासत न्यावी लागते. माशाने ती घेतली तरी झटका बसत नाही, इंडिकेटर (दोरीवरचा तरंगता खुणेचा बोंडा) जरासा अडखळतो एवढंच. काठाला धरलेल्या बर्फाच्या थरावर उभं राहू नये, खाली बहुधा पाणी असतं. एवढं सोसून मिळतो तो एकांत, आणि काहींना तेवढंच हवं असतं.

पण प्रश्न मित्रांसोबत जाण्याचा आहे, आणि माझ्या मते निकाल तिथेच लागतो. हिवाळी डोहावर एक, फार तर दोघं गळ टाकू शकतात. बाकीचे बर्फात उभे राहून कुडकुडतात, मग कुरकुरतात. धरणाखाली मासे जास्त लांबीवर पसरलेले असतात, आणि गाडी जवळ उभी करता आली तर गारठलेला माणूस तासभर आत बसून परत येतो. चौघंपाचजण असतील आणि त्यात एकही नवखा असेल, तर धरणाखालीच जा. दोघंच असाल, दोघांनाही नाद असेल आणि चार-पाच दिवस दुपारी पारा शून्याच्या वर जात असेल, तर मोकळी नदी खुशाल निवडा.

काही गोष्टी दोन्हीकडे सारख्याच. अंगात सुती काही नको. वेडर्सचा (पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारीचा) पट्टा घट्ट हवा. बुटांच्या फेल्टच्या तळव्यांना बर्फाचे गोळे चिकटतात, म्हणून रबरी तळवे बरे. रॉडच्या कड्यांत बर्फ धरला तर टोक क्षणभर पाण्यात बुडवा, रील मात्र कोरडी ठेवा. पाण्यात कोणी पूर्ण भिजलं तर त्या दिवशीची मासेमारी सगळ्यांसाठीच संपली. मासा पाण्याबाहेर काढून फोटो नको, शून्याखालच्या हवेत कल्ल्यांना इजा होते. शरद ऋतूत विणणाऱ्या ब्राउन ट्राउटची अंडी हिवाळाभर वाळू-गोट्यांत असतात, त्यामुळे तळाशी आजूबाजूपेक्षा उजळ, स्वच्छ दिसणाऱ्या पट्ट्यांवर पाय देऊ नका.

पहाटे उठायची गरज कुठेच नाही. खरी वेळ साधारण 11 ते 3. म्हणूनच धरणाचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघा, आणि नेमक्या त्याच तासांत पाणी सोडणार असतील तर सरळ दुसरा दिवस ठरवा.