बर्लिनमध्ये जेवण मागवायचं: हॉटेलचा माणूस की ॲपचा रायडर?

बर्लिनला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "तिकडे स्विगीसारखं काय आहे?" नावं तशी सहज सापडतात. लीफरांडो इथलंच, 2009 पासूनचं. वोल्ट मूळचं फिनलंडचं, बर्लिनमध्ये 2020 साली आलं आणि पुढच्याच वर्षी उबर ईट्स. तिन्ही फोनमध्ये घालून ठेवा, फुकटच आहेत. मेनू, सवलती, कूपनं यांवर मी काही लिहीत बसत नाही, कारण ते दर आठवड्याला बदलतं. माझ्या मते खरी निवड वेगळीच आहे: जेवण दारापर्यंत कोण आणणार, हॉटेलने पाठवलेला स्वतःचा माणूस की ॲपचा रायडर? इथे दोन्ही पद्धती चालतात, कधीकधी एकाच ॲपमध्ये. साधारण खूण अशी, की नकाशावर सायकल सरकताना दिसली तर रायडर ॲपचा, आणि नुसतीच अंदाजे वेळ दिसत राहिली तर बहुधा हॉटेलचा.

नव्याने आलेल्याला पहिले काही आठवडे हॉटेलच्या माणसाचाच आधार वाटतो, आणि त्याचं कारण रोख पैसे. जर्मन बँकेत खातं उघडेपर्यंत आपण भारतातल्या कार्डावर असतो. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानंतर नव्या कार्डावर परदेशी व्यवहार आपणच सांगून चालू करून घ्यावे लागतात. ते केलं तरी ओटीपी जाणार घरच्या सिमवर, आणि ते सिम इथे बंद पडलेलं असेल तर बोंब. अशा वेळी दारात रोख घेणारी हॉटेलं फार उपयोगी पडतात. शिवाय हॉटेलचा माणूस बहुतेकदा तोच असतो, त्यामुळे ओळख होते. इथल्या भारतीय हॉटेलांचा हात क्रीमकडे सढळ असतो. आंब्याच्या गोड रश्शातलं चिकन मेनूवर हमखास सापडतं, आणि 'तिखट' म्हणून जे येतं त्याने आपल्याकडच्या लहान मुलाच्याही डोळ्यांत पाणी येणार नाही. पण दोन-चारदा एकाच ठिकाणाहून मागवलं, की आतला आचारी समजून घेतो आणि वेगळी फोडणी देतो. ॲपच्या 'सूचना' रकान्यात मिरच्यांची कितीही चित्रं टाकली तरी हे साधत नाही.

हे सगळं मान्य करूनही मी हळूहळू ॲपच्या रायडरकडे वळलो, आणि त्याला कारण झाली दारावरची बेल.

आपल्याला वाटतं, पत्ता म्हणजे इमारत आणि फ्लॅट नंबर. बर्लिनच्या जुन्या इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतो. रस्ता, घरक्रमांक, पिन कोड, आणि मग बेलवरचं आडनाव. नॉयकोल्न किंवा वेडिंग या भागांतल्या शंभर वर्षांपूर्वीच्या घरात रस्त्यालगत एक इमारत, मग आतला चौक, बाजूची विंग, मागे दुसरी इमारत आणि कधी त्याच्याही मागे तिसरी. सगळ्यांच्या बेला मात्र रस्त्यावरच्या एकाच दाराशी. आमच्या दारावरची पाटी चाळीतल्या टपालपेट्यांच्या रांगेसारखी आहे: काही नावं नीट छापलेली, काहींवर चिकटपट्टी आणि बॉलपेनने खरडलेलं, एका बटणापुढे तीन-तीन आडनावं कोंबलेली. आणि नवा माणूस राहत असतो पोटभाडेकरू म्हणून, म्हणजे बेलवर नाव मूळ भाडेकरूचं. ॲपवर तुम्ही जोशी, दारावर श्नायडर. खाली उभ्या माणसाने करायचं काय?

एका हॉटेलच्या माणसाने जे करायचं तेच केलं. सूचनेत मी बेलवरचं नाव, मागची इमारत, डावा जिना, तिसरा मजला, सगळं व्यवस्थित जर्मनमध्ये लिहिलं होतं. ती चिठ्ठी पिशवीला स्टेपल केलेली असणार, पण पावसात, हातात चार पिशव्या असताना ती वाचतो कोण. त्याने माझं आडनाव शोधलं, सापडलं नाही, मग फोन केला. लिहिलेलं जर्मन वेगळं आणि घाईत फोनवर बोलायचं जर्मन वेगळं. माझं 'मागची इमारत' सांगून होईपर्यंत फोन कट. हॉटेलला फोन लावला तर पलीकडून उत्तर आलं की माणूस येऊन गेला, आता दुसऱ्या ऑर्डरवर आहे. पैसे काही दिवसांनी मिळाले. रात्रीचं जेवण मात्र ब्रेड-बटरवर भागवलं, कारण तो नेमका रविवार होता आणि रविवारी इथली किराणा दुकानं कायद्यानेच बंद.

ॲपच्या रायडरकडे हा घोळ पूर्ण टळतो असं मी म्हणणार नाही. पण पत्ता आणि सूचना त्याच्या डोळ्यांसमोरच्या फोनवर असतात, पिशवीवर नाही. बोलण्याऐवजी लिहून निरोप पाठवता येतो, आणि लिहिलेलं भाषांतर करून वाचता येतं. नकाशावर तो कोपऱ्यावर दिसला की मी खाली उतरतो. आणि इथे सायकलवरून जेवण पोचवणाऱ्यांत भारतीय विद्यार्थी इतके आहेत, की अडखळत जर्मन सुरू करावं तर पलीकडून "भैया, कौनसा गेट?" येतं. हे कुठल्याही ॲपच्या जाहिरातीत लिहिलेलं नसतं, पण नव्या माणसाला याचाच सर्वांत जास्त उपयोग.

आई उन्हाळ्यात इथे येते तेव्हा तर मी दुसरा विचारच करत नाही. मी ऑफिसातून मागवतो, ती घरी एकटी असते, आणि नकाशा बघून मी तिला फोनवर सांगतो, "आता बेल वाजेल, खालचं दार उघडायचं बटण दाब." तिला अंडं चालत नाही, आणि भारतातल्या पाकिटांवरच्या हिरव्या ठिपक्याची इथे सोय नाही. शाकाहारी म्हणून जे मिळतं त्यात अंडं बिनदिक्कत असतं, कधी नानच्या पिठातसुद्धा. त्यावर एक तोडगा आहे. युरोपीय नियमानुसार 14 ॲलर्जीकारक पदार्थ ऑर्डर पक्की होण्याआधी कळवावे लागतात, आणि बरीच हॉटेलं ते अक्षरांनी दाखवतात. कायद्यातल्या क्रमाने गेलं तर ग्लूटेन 'ए', अंडं 'सी', दूध 'जी'. प्रत्येक हॉटेल हाच क्रम पाळेल असं नाही, म्हणून खालची यादी एकदा बघून घ्यावी. मेनूत ही अक्षरं बारीक 'आय' खुणेआड दडलेली असतात. पनीरपुढे 'जी' असणारच, पण 'सी' दिसला तर पुढच्या हॉटेलकडे वळायचं. हा भाग दोन्ही पद्धतींत सारखाच आहे, त्यामुळे माझ्या निवडीत त्याचं वजन नाही.

ॲपच्या रायडरचे तोटेही ऐकून ठेवा. डिलिव्हरीचे पैसे वर सेवाशुल्क मिळून बिल फुगतं. एकाच फेरीत दोन घरं केली तर तुमचं जेवण दुसऱ्याच्या दारापर्यंत फिरून येतं. जानेवारीत ते कोमट होऊन पोचतं, आणि डोसा तर कुठल्याच ऋतूत मागवू नये, तिथे जाऊनच खावा. कोल्ड्रिंकही शक्यतो टाळा, कारण प्रत्येक कॅनवर 25 सेंट अनामत लागते आणि रिकामे कॅन सुपरमार्केटच्या मशीनपर्यंत तुम्हालाच वाहून न्यावे लागतात.

तुमचं नाव बेलवर असेल, जर्मन बऱ्यापैकी येत असेल आणि घर रस्त्यालगतच्या इमारतीत असेल, तर हॉटेलचाच माणूस स्वस्त आणि बरा पडेल, मी अडवणार नाही. दहा-बारा जणांचं जेवण असेल तेव्हा मीही हॉटेलशीच बोलतो, तिखटाचं सांगतो आणि रोख देतो. बाकी दिवशी ॲपचा रायडर. आणि पोटभाड्याने राहत असाल तर घरमालकाला विचारून स्वतःच्या आडनावाची चिठ्ठी बेलवर आणि टपालपेटीवर पहिल्याच आठवड्यात चिकटवा. जेवणाचं सोडाच, बँकेचं कार्डसुद्धा टपालानेच येतं, आणि पोस्टमनही टपालपेटीवर नाव नसेल तर ते परत नेतो.