बिंग 64 कार्बोरेटर: माल चोख, पण जोडी जुळवावी लागते

छोट्या विमानांच्या रोटॅक्स 912 इंजिनावर हे कार्बोरेटर दोन येतात. उजवा 1 आणि 3 नंबरच्या सिलिंडरला, डावा 2 आणि 4 ला. आतला पिस्टन व्हॅक्यूमवर उचलला जातो, त्यामुळे उंचावर हवा विरळ झाली तरी मिश्रण बऱ्यापैकी सांभाळले जाते आणि पायलटला मिक्स्चरचा दांडा लागत नाही. आरव्ही-12, किटफॉक्ससारख्या घरी बांधायच्या विमानांना ही मोठीच सोय.

इंजिन थरथरू लागले की लोक आधी जेटला, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राला, हात घालतात. दोष बहुधा जेटमध्ये नसतो. दोन्ही कार्बोरेटर सारखे उघडत नसतात.

जोडी जुळवायची सुरुवात अशी: मिक्स्चर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर. स्लोचा (इंजिनाच्या किमान वेगाचा) स्क्रू टेकला की तिथून दीड फेरा आत. थ्रॉटलच्या केबलला साधारण 1 मिमी मोकळीक. मग इंजिन गरम करून दोन्ही मॅनिफोल्डना (कार्बोरेटरपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांना) व्हॅक्यूम गेज लावा. त्या दोन्हींना जोडणारी मधली बॅलन्स नळी बंद केलीच पाहिजे. ती उघडी राहिली तर दोन्हीकडचा दाब सारखा करून चूक झाकते आणि गेज खोटे समाधान देतात. स्लोवर फरक दिसला तर स्लोचा स्क्रू फिरवा, 2500 आरपीएमच्या आसपास दिसला तर केबलचा अॅडजस्टर. यात अदलाबदल केली की अख्खी दुपार जाते. स्लो 1400 च्या खाली नको, गिअरबॉक्सला हिसके बसतात. प्रत्येक बदल इंजिन बंद करून करा. चाकांना अडण आणि शेपटीला दोर हवाच, प्रोपेलर फिरत असतो.

खरी कमजोरी फ्लोट, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोलवर तरंगून पातळी राखणारे तुकडे. ते पेट्रोल पितात, जड होतात, वाटीतली पातळी चढते; मग स्लोवर काळा धूर, मिसिंग आणि व्हेंटमधून (वाटीच्या हवेच्या नळीतून) गळती. खाली एक्झॉस्ट तापलेला असतो, म्हणून गळलेले पेट्रोल झेलणारा ड्रिप ट्रे नसेल तर उडूच नका. एका वाटीतले दोन्ही फ्लोट मिळून 7 ग्रॅमच्या वर गेले तर बदला. सोनाराकडचा छोटा काटा यासाठी उत्तम. व्हेंटची नळी थेट वाऱ्याच्या झोतात सोडली तर फ्लोट कितीही चांगले असले तरी मिश्रण बिघडते.

चोक थ्रॉटल पूर्ण बंद असतानाच काम करतो. थंड इंजिन सुरू होत नाही, या तक्रारीमागे बरेचदा एवढेच असते. केबल तुटली तर स्प्रिंग थ्रॉटल पूर्ण उघडते. हे जाणूनबुजून केलेले आहे, आणि योग्यच आहे.

इंजेक्शनचे 912 आयएस 2012 पासून मिळते. त्यात सिंक्रोनायझेशनची, म्हणजे जोडी जुळवायची, कटकट नाही, पण वजन जास्त आणि वीज गेली की इंजिन बंद. बिंगच्या इंजिनाला बॅटरी मेली तरी फरक पडत नाही. दर 100 तासांनी गेज लावायची तयारी असेल तर बिंगच घ्या, आणि मॅनिफोल्डचे रबरी सॉकेट चांगले दिसले तरी 5 वर्षांनी बदला.